एकाच प्लेटीवर दोन काळ: बदलतं बेळगाव प्रिंटमध्ये कसं धरावं

बेळगावच्या शहापुरात राहणाऱ्या, कलाशाखेत शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिच्या गल्लीतली कौलारू घरं एकेक करून पडताहेत आणि त्या जागी अपार्टमेंट उभी राहताहेत. ही घरं तिला लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा कोरून केलेला ठसा) आणि एचिंग (धातूच्या प्लेटीवरची रेघ आम्लानं खोल करून छापणं) यांत करायची आहेत. पण फोटो तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत, मग प्रिंट कशासाठी? तंत्र कुठलं घ्यावं? आणि जवळपास एचिंग प्रेस नसेल तर काम करायचं कसं?

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

घर पाडण्याआधीचा एक फोटो आणि नंतरचा एक, असे दोन शेजारी ठेवले तर फरक कळतो. मधलं काहीच कळत नाही. प्लेटीचं तसं नाही. तिच्यावर थोडं काम करायचं, प्रत काढायची, पुन्हा काम करायचं, पुन्हा प्रत काढायची. प्रत्येक टप्प्याला आपण ‘स्टेट’ म्हणतो. त्याच धातूवर, त्याच जागी आधी काय होतं आणि नंतर काय आलं, हे त्या प्रतींमधून ओळीनं वाचता येतं. म्हणून माझं सांगणं असं आहे की नुसतं घराचं चित्र कोरू नका. गल्लीत घराचं जे होतंय तेच प्लेटीचं होऊ द्या.

लिनो किंवा वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठशात, फक्त वजाबाकी असते. जे कोरून काढलं ते गेलं, परत येत नाही. एचिंगमध्ये भर घालता येते आणि खोडताही येतं, पण खोडलेलं पूर्ण जात नाही. स्क्रेपरनं रेघ खरवडली, बर्निशरनं घासून गुळगुळीत केली, तरी प्रत काढल्यावर तिथं हलकी राखाडी सावली उरते. नवशिक्याला ती सावली दोष वाटते. तुमच्या विषयासाठी तीच सगळ्यात मोलाची आहे. घर पाडल्यावर शेजारच्या भिंतीवर त्याच्या छपराचा तिरका ठसा राहतो ना, अगदी तसाच ठसा प्लेटीवर राहतो, आणि तो तुम्हाला वेगळा काढावा लागत नाही.

यातून तंत्राची निवड बरीचशी आपोआप होते. घर जातंय हे सांगायचं असेल तर लिनो. जुन्यावर नवं चढतंय, दोन्ही एकमेकांत मिसळलंय, हे सांगायचं असेल तर एचिंग.

लिनोत रिडक्शन पद्धत वापरा. एकच ठसा घ्यायचा, फिक्या रंगात सगळ्या प्रती काढायच्या, मग त्याच ठशातला काही भाग कोरून काढायचा आणि पुढचा गडद रंग त्याच प्रतींवर चढवायचा. किती प्रती हव्यात ते पहिल्याच रंगाला ठरवावं लागतं, कारण मागे जाता येत नाही. एरवी ही पद्धत रंगांसाठी वापरतात. तुम्ही ती काळासाठी वापरा. पहिल्या फिक्या थरात अख्खी गल्ली, सगळी छपरं, तुळशीवृंदावनं, परडी. दुसऱ्या थराआधी जी घरं आता नाहीत ती कोरून काढा. तिसऱ्याआधी ज्यांच्यावर नोटीस आहे किंवा ज्यांचा सौदा झालाय ती. शेवटच्या काळ्या थरात आज जे ठाम उभं आहे तेवढंच राहील आणि गेलेली घरं मागे फिक्या रंगात दिसत राहतील. काय कोरायचं हे ठरवण्यासाठी तुम्हाला गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागेल, आणि ते बोलणं हा कामाचाच भाग आहे.

एचिंगमध्ये हाच विचार चार्ल्स मेरियों या फ्रेंच चित्रकारानं पॅरिससाठी केला. हा मूळचा नौदलातला माणूस. रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून एचिंगकडे वळला. १८५० ते १८५४ या काळात त्यानं जुन्या पॅरिसच्या प्लेटी केल्या, आणि १८५३ मध्ये ओसमान तिथला प्रीफेक्ट, म्हणजे प्रशासक, झाला. त्याच्या कारकिर्दीत मध्ययुगीन गल्ल्या पाडून रुंद सरळ रस्ते काढले गेले. म्हणजे मेरियों जे कोरत होता ते त्याच्या डोळ्यांदेखत जाणार होतं. त्याच्या भिंती बारकाईनं बघा, दगडाचा सांधा न सांधा तिथं आहे. पण पों-ओ-शांज या पुलाच्या प्लेटीत सुरुवातीला आकाशात एक बलून आहे, पुढच्या स्टेट्समध्ये तिथं पक्ष्यांचे थवे येतात, आणखी पुढे पुन्हा बलूनच. खालचा पूल तोच, आकाश मात्र बदलत गेलं. शहराबद्दल जे वाटत होतं ते त्यानं दगडात घातलं नाही, आकाशात घातलं. यातून आपण एवढं घ्यावं की इमारतीशी प्रामाणिक राहूनही मनातलं सांगायला प्लेटीवर जागा असते.

दुसरं नाव स्कॉटिश चित्रकार म्युरहेड बोन. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनचं छप्पर १९०५ च्या डिसेंबरात कोसळलं. ते उतरवण्यासाठी जी अवाढव्य लाकडी परांची उभारली, तिचं ड्रायपॉइंट (आम्लाशिवाय, टोकानं थेट प्लेट ओरखडून केलेली प्रिंट) त्यानं १९०६ मध्ये केलं. स्टेशन त्यात जवळपास दुय्यम आहे. त्याला परांचीच भव्य वाटली. आपल्याकडे सेंट्रिंगच्या फळ्या, बांबू, टेकू, हिरवी जाळी, स्लॅबमधून वर आलेल्या सळ्या हे सगळं शहरात बारा महिने कुठे ना कुठे दिसतं आणि चित्रात जवळजवळ कधीच येत नाही. जुना वाडा आणि नवा टॉवर सगळे काढतात. मधले सहा-आठ महिने कुणी काढत नाही. तुम्ही ते काढा.

तिसरा जपानी चित्रकार हिरोशिगे. १८५५ मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, मोठा भूकंप झाला आणि आगी लागल्या. पुढच्याच वर्षी त्यानं एदोतल्या प्रसिद्ध जागांची वुडकट मालिका सुरू केली आणि १८५८ मध्ये वारला तोवर शंभराहून जास्त चित्रं केली. त्याची युक्ती फार उपयोगाची आहे. एखादी वस्तू अगदी नाकाशी, अर्धी कापलेली, आणि तिच्या आडून मागे लहानसं शहर. बेळगावात याला विषय शोधावे लागत नाहीत. गणपतीच्या दिवसांत गल्लीत मंडप पडतो तेव्हा बांबू आणि कापडाच्या आडून जी घरं दिसतात, ती एरवी तशी कधीच दिसत नाहीत. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रीच्या दिव्यांत वरचे मजले अंधारात जातात आणि दारं-ओटे उजळतात. तात्पुरतं बांधकामही शहराचंच असतं.

इटालियन एचर पिरानेसीबद्दल मात्र सावध राहा. तो १७२० ते १७७८ या काळातला, वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला, आणि रोमच्या दृश्यांच्या त्याच्या १३५ प्लेटी जगभर गाजल्या. माणसं मुंगीएवढी काढून तो भिंती प्रचंड करतो. विद्यार्थी हे बघून भारावतात आणि साध्या एकमजली घराचाही किल्ला करतात. तुमच्या गल्लीतलं घर बारा-पंधरा फूट रुंदीचं असेल. त्याची शोभा त्याच्या लहानपणात आहे: उंबऱ्याची उंची, ओट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागेल इतकी खाली आलेली वळचण. माणसाचं माप बरोबर ठेवलंत तर घर बरोबर येईल.

आता घर कशाचं बनलंय त्याकडे बघू. याकडे दुर्लक्ष झालं की प्रिंट पोस्टकार्डासारखी होते.

कौलांपासून सुरुवात करा. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात काढला. त्याआधीची घरं नळीच्या कौलांची. म्हणजे छपरावर कुठलं कौल आहे यावरून घराचा नाही तरी छपराचा काळ साधारण कळतो, आणि कित्येक घरांवर पुढच्या पाख्यावर मंगलोरी, मागच्या परड्याच्या बाजूला नळीची असं दोन्ही असतं. लिनोत कौलं कोरताना प्रत्येक कौलाची बाह्यरेषा काढू नका. छप्पर काळं ठेवा आणि ज्या कडेवर ऊन पडतं तेवढीच बारीक व्ही-टूलनं उचला. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत उभं राहून बघा, प्रत्येक ओळीच्या खालच्या ओठावर एक तुटक उजळ रेघ दिसते, बाकी सगळा सावलीचा पट्टा. ओळ वळचणीकडे येताना रुंद, आढ्याकडे जाताना अरुंद. जिथं कौल सरकलंय, जिथं फुटकं बदलून नवं तांबडं बसवलंय, जिथं उजेडासाठी काचेचं कौल आहे, तिथं ती लय मोडा. पाचशे कौलं सारखी कोरण्यापेक्षा या तीन-चार जागांनी छप्पर खरं होतं.

जांभ्या चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते, तिला रेघ सोसत नाही. तिथं कोलाग्राफ करा: जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल, त्यावर चाळलेली वाळू. दाट काळा हवा तिथं कार्बोरंडमची, म्हणजे घासकामाच्या खरखरीत खड्याची, पूड. ही पूड घासकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते, आणि बेळगावसारख्या फाउंड्रीच्या गावात ती शोधायला फार फिरावं लागत नाही. किल्ल्याचा तट किंवा किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचा दगड करायचा असेल तर अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे रेघेऐवजी छटा देणारं एचिंग. रट्ट राजांच्या काळात १२०४ साली बांधलेल्या त्या बस्तीच्या मंडपात उभं राहून छतातल्या कमळाकडे बघितलं की लक्षात येतं, तिथं रेघ नाहीच, उजेड पायरीपायरीनं कमी होत जातो. अ‍ॅक्वाटिंटमध्येही आपण तेच करतो. उजळ भाग व्हार्निशनं झाकत प्लेट पुन्हा पुन्हा आम्लात घालतो आणि दर वेळी उरलेला भाग एक छटा गडद होतो. नव्या इमारतींच्या काचा आणि चकचकीत पॅनेल यांना यांतलं काहीच लागत नाही. स्टेन्सिल किंवा सिल्कस्क्रीननं सपाट रंग द्या. दोन तंत्रं एकाच कागदावर आली की जुन्या-नव्याचा बेबनाव न सांगता दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तुम्ही एका गोष्टीवर घालवावा असं मला मनापासून वाटतं: रस्ता रुंदीकरणात कापल्या गेलेल्या भिंती. पुढचा सोपा गेला आणि माजघराची भिंत थेट रस्त्यावर आली, असं तुम्ही शहापुरात बघितलंच असेल. अशा भिंतीसमोर नीट थांबा. कमरेइतका भाग निळसर, वर पांढरा चुना. मध्ये कोनाडा, त्याच्या वरच्या कडेला दिव्याची काजळी. एका ओळीत चौकोनी भोकं, तिथं माळ्याच्या तुळया होत्या. डाव्या बाजूनं वर चढत गेलेला तिरका पट्टा, तो जिन्याचा. कॅलेंडरचा खिळा अजून आहे आणि त्याच्याखाली भिंतीचा तेवढाच चौकोन कमी मळलेला. वास्तुविशारद घराचा छेद कागदावर काढतात, इथं तो रस्त्यावर आयता उभा असतो, आणि दोन-चार महिन्यांत त्यावर शटर बसतं. याचं ड्रायपॉइंट करा. धातूच्या टोकानं ओरखडताना रेघेच्या कडेला जी बारीक धार उठते ती शाई धरते आणि मऊ, मखमली काळा देते. काजळीला याहून चांगली रेघ नाही. ही धार लवकर दबते, चांगल्या प्रती मोजक्याच निघतात. निळा पट्टा रंगवू नका. त्या आकाराचा पातळ निळसर कागद कापून, मागे खळ लावून, छापतानाच प्लेट आणि मुख्य कागद यांच्यामध्ये ठेवा. याला शीन-कोले म्हणतात. रेघ वरून छापली जाते आणि निळा रंग भिंतीच्या पोटातून आल्यासारखा वाटतो.

पुढची गोष्ट पाट्यांची. प्लेटीवर काढलेलं छापताना उलटं येतं हे तुम्हाला माहीत आहे. अमेरिकन चित्रकार व्हिसलर १८७९-८० मध्ये व्हेनिसला गेला तेव्हा त्यानं थेट प्लेटीवर रेखाटलं, त्यामुळे त्याचं व्हेनिस आरशातलं आहे. त्याला त्याची फिकीर नव्हती. आपल्याला करावी लागते, कारण आपली गल्ली पाट्यांनी ओळखली जाते. ट्रेसिंग पेपरवर रेखाटन करा, तो पालथा घालून प्लेटीवर उतरवा, आणि कोरताना आरसा समोर ठेवा. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही लिप्या उलट्या कोरायची सवय स्वतंत्रपणे करा. कन्नडची गोलाई लिनोत यू-टूलनं, देवनागरीची शिरोरेघ आधी सरळ पट्टीसारखी राखून. पाटी ही चित्रातली तारीखही असते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, आणि कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड आवश्यक झालं. म्हणून एकाच दुकानावर रंगवलेली जुनी मराठी अक्षरं, त्यावर ठोकलेला फ्लेक्स आणि त्यावर नवी पाटी असे थर सापडतात. इथं वाढलेल्या मराठी माणसाच्या मनात पाटी बघताना काय काय येतं ते मी जाणतो, माझ्याही मनात येतं. तरीही जे आहे तेच कोरा, जसं आहे तसंच. आपल्याला हवी तशी पाटी कोरली तर पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला ती प्रिंट काहीच सांगणार नाही. थर खरे दाखवलेत तर सगळं सांगेल.

नव्या इमारतींवर राग धरून काम करू नका, हेही सांगायला हवं. ज्या घराकडे आपण हळहळत बघतो त्याच्या मागच्या खोलीत पावसाळाभर ओल असते, भावाभावांत वाटण्या झालेल्या असतात, संडास परड्याच्या टोकाला असतो. वरच्या मजल्यावर राहायला गेलेल्या बाईला उजेड मिळतो. त्या गॅलरीतलं वाळवण, कुंडीत आलेली तुळस, लिफ्टच्या दारातली रांगोळी हाही शहराचा बदलच आहे. सुवर्णसौध, म्हणजे बेळगावातलं कर्नाटक विधिमंडळाचं भवनसुद्धा याच नजरेनं बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये उद्घाटन झालेली ती वास्तू पोस्टकार्डात समोरून, मधोमध असते. हलग्याच्या शेतात उभं राहून बघितली तर खाली नांगराच्या रेघा आणि वर क्षितिजावर ती पांढरी रास. शेत दाट कोरा, इमारतीच्या जागी नुसता पांढरा कागद राहू द्या. ते चित्र बघून जिल्ह्यातला कुणीही थांबेल.

जिल्ह्यात इतरत्रही बघा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींच्या लांब आंधळ्या भिंती, खानापूरकडची कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्यांची धुराडी, गोकाकच्या धबधब्याशेजारची गिरणी आणि झुलता पूल. कॅम्पातले बंगले सगळेच काढतात, ते थोडे बाजूला ठेवलेत तरी चालेल.

अरुंद गल्लीत एक अडचण नक्की येईल: मागे सरकायला जागा नसते. मोबाइलच्या वाइड लेन्सचा फोटो गिरवला तर घरं बाहेर झुकतात आणि बघणाऱ्याला ती लबाडी लगेच जाणवते. त्यापेक्षा समोरच्या गच्चीवर परवानगी घेऊन बसा, किंवा सरळ दर्शनी उठाव काढा, घरामागून घर, पट्टीसारखा लांब. पर्स्पेक्टिव्ह हाताखालून जायलाच हवं. याच गावात १९३५ मध्ये जन्मलेले आणि के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपे यांनी वास्तुविशारदांसाठी जी पर्स्पेक्टिव्ह रेखाटनं केली, ती मिळतील तिथं बघा. न बांधलेली इमारत त्यांनी ऊन, झाडं, माणसं यांच्यासकट उभी केली. तुम्हाला उलट दिशेनं, गेलेली इमारत उभी करायची आहे, पण हात तोच लागतो.

राहिला प्रेसचा प्रश्न. लिनोला प्रेस लागत नाही. काचेवर शाई, रोलर, ठशावर कागद, आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासणं पुरतं. ऑफसेटची शाई लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे डब्यात उरलेली असते, मागितली तर देतात. ती सुकायला वेळ घेते; जुलै-ऑगस्टात बेळगावच्या हवेत तर दोन रंगांमध्ये आठवडा धरा, नाहीतर रिडक्शनचे थर एकमेकांत कालवतील. त्याच छापखान्यांतून वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ऑफसेट प्लेटी रद्दीच्या भावात घ्या, ड्रायपॉइंटच्या सरावाला उत्तम. आम्लाच्या एचिंगसाठी घरात नायट्रिक आणू नका, त्याची वाफ वाईट. तांब्याला फेरिक क्लोराइड, जस्ताला मोरचूद आणि मिठाचं पाणी चालतं. तरी हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच, आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही.

एचिंग प्रेस बेळगावातच बनवून घ्या. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत टर्निंग आणि फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्यांना असं यंत्र अवघड नाही, फक्त काय हवं ते चित्रासकट सांगावं लागतं. दोन रोलर, वरचा भरीव किंवा जाड भिंतीच्या पाइपचा, लेथवर एकसारखा केलेला. मध्ये दहा-बारा मिलिमीटर जाडीची सपाट पोलादी फळी. दोन्ही बाजूंना दाबाचे स्क्रू, आणि त्यांवर खुणा, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा ठेवता येईल. हँडल थेट रोलरला न जोडता मध्ये गिअर घ्या, नाहीतर मोठी प्लेट एकटीला ओढवणार नाही. वरती लोकरी नमदा दोन-तीन थर. फळी अठरा इंचांहून अरुंद करू नका, कारण गल्लीचा लांब पट्टा तुम्हाला एका तुकड्यात छापावासा वाटणार आहे.